नवं लायसन्स, जीए पासिंगची गाडी आणि हद्दीपलीकडचा पहिला प्रवास

प्रश्न पेडण्याहून आला आहे. पक्कं लायसन्स मिळून दोन महिने झालेत, गाडी वडिलांच्या नावावर, जीए पासिंगची. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की आंबोलीवरून कोल्हापूरला जायचं आहे, पुढे कधीतरी बेळगावला. विचारलंय ते असं: दुसऱ्या राज्यात वेगळा परवाना लागतो का, नाक्यावर काय दाखवायचं आणि नव्या माणसाने घाटात गाडी घालावी की नाही.

परवान्याचं आधी सांगतो. वेगळा काहीही लागत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३ नुसार भारतात कुठेही काढलेलं लायसन्स देशभर चालतं, म्हापशाचं असो वा मडगावचं. खाजगी गाडी चालवणाऱ्याला 'नवा चालक' म्हणून वेगळी पाटी लावायची किंवा अमुक महिने राज्याबाहेर जायचं नाही, असाही नियम आपल्याकडे नाही. शिकाऊ लायसन्ससुद्धा देशभर वैध आहे. पण त्यावर चालवताना गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा हवा. शिकाऊ लायसन्सवर आंबोली चढू नका. कायद्यात बसेल, हाताला झेपणार नाही.

लायसन्सवर कोणता वर्ग छापला आहे, ते मात्र नीट बघा. मोटारीसाठी 'एलएमव्ही' लागतं, गियरच्या दुचाकीसाठी 'एमसीडब्ल्यूजी'. फक्त मोटारीची टेस्ट दिलेला मुलगा मित्राची बुलेट घेऊन बांद्यापर्यंत जातो आणि लायसन्स आहे या भ्रमात असतो. कायद्याच्या लेखी तो विनापरवाना आहे. त्याला केंद्रीय कायद्यात ५,००० रुपये दंड आहे, आणि गाडी देणाऱ्या मालकाला वेगळा ५,००० चा. दंड भरून सुटता येतं, पण अपघात झाला तर विमा कंपनी पहिला हात याच मुद्द्यावर वर करते.

गाडी वडिलांची आहे म्हणून अधिकारपत्राची गरज नाही. एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. विम्यात जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो मालक-चालकाचा असतो, म्हणजे वडिलांचा. तुम्ही स्टिअरिंगवर असताना तुम्हालाच इजा झाली, तर तो तुमच्या कामी येणार नाही. पॉलिसी नूतनीकरण करताना गाडीतल्या इतरांसाठीचं अपघात कव्हर जोडून घ्या. हप्ता थोडाच वाढतो.

आता कागद. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी, एवढे चार. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मधल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधले कागद मूळ कागदांइतकेच ग्राह्य आहेत, आणि हे गोव्यात जितकं खरं तितकंच कर्नाटकात. गोची होते ती रेंजची. आंबोली, अनमोड, चोर्ला या तिन्ही घाटांत नेटवर्क जातं-येतं. ॲप उघडत नाही, मग गॅलरीतला स्क्रीनशॉट दाखवला जातो आणि अधिकारी तो मानत नाही. त्याच्या जागी त्याचं बरोबरच आहे, कारण फोटो कुणीही बदलू शकतो. म्हणून लायसन्सचं कार्ड आणि आरसी खिशात ठेवा, विमा आणि पीयूसीची प्रिंट डॅशबोर्डच्या कप्प्यात. आदल्या रात्री पॉलिसीवरचा चासी नंबर आरसीशी ताडून बघा. एक आकडा चुकलेला असेल तर तो आताच दुरुस्त होतो, अपघातानंतर त्याचा वाद होतो.

पीयूसीची तारीख हमखास विसरली जाते. नव्या गाडीला पहिलं वर्ष ते लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी निकष) गाड्यांचं वर्षभर चालतं, त्याहून जुन्यांचं सहाच महिने. एका राज्यात काढलेलं दुसऱ्या राज्यात चालतं.

काचांवरच्या काळ्या फिल्मकडे आपल्याकडे कानाडोळा होतो, म्हणून ती सगळीकडे चालते असं समजू नका. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. हद्दीपलीकडे परराज्यातली गाडी बाजूला घ्यायला एवढं निमित्त पुरतं.

पत्रादेवी सोडून बांद्यात शिरलात की इन्सुलीचा तपासणी नाका येतो. दक्षिणेकडे पोळे ओलांडलं की माजाळी, मोल्याच्या वर अनमोड, डिचोलीकडून दोडामार्ग. पोलीस, उत्पादन शुल्क, वनखातं यांपैकी कुणीही तिथे असू शकतं. नाका दिसला की वेग आधीच कमी करा, डावा इंडिकेटर द्या, रात्री हेडलाईट डिपवर आणून आतला दिवा लावा आणि चालकाची काच पूर्ण खाली घ्या. हात करतील तर पूर्ण डाव्या कडेला थांबून हँडब्रेक ओढा, मग कागद काढा. नवा माणूस घाबरून रस्त्याच्या मधोमध ब्रेक मारतो आणि मागचा डंपर अंगावर येतो. तपासणीपेक्षा हे फार वाईट.

या नाक्यांवर गोव्याच्या गाडीत पहिली गोष्ट शोधली जाते ती दारू. वर्तमानपत्रात रोज वाचतो ती 'गोवा बनावटीची दारू' हीच. आपल्याकडे दुकानात उघड मिळणारी बाटली महाराष्ट्रात शिरताच, तिथलं उत्पादन शुल्क न भरलेला माल ठरते. गुन्हा दाखल होतो आणि मालाबरोबर गाडीही जप्त होऊ शकते. कर्नाटकच्या नाक्यांवरही हीच तपासणी असते. चालक तुम्ही, म्हणून वाहतूक करणारेही तुम्हीच. डिकीत मित्राने स्वतःच्या बॅगेत काय घातलंय हे मला माहीत नव्हतं, हा बचाव तिथे टिकत नाही. निघण्याआधी प्रत्येकाला तोंडावर विचारा. भीड धरू नका, पुढे कोर्टाच्या फेऱ्या तुम्हालाच आहेत. आणि स्वतः प्यायला असाल तर चालवू नका. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ही मर्यादा तिन्ही राज्यांत एकच आहे.

चलन झालंच तर वाद घालत बसू नका, पण पावतीशिवाय पैसेही देऊ नका. कलमं केंद्राची असली तरी जागेवर भरायची तडजोड रक्कम प्रत्येक राज्य आपापली ठरवतं, म्हणून एकाच चुकीला गोव्यात एक आकडा आणि सिंधुदुर्गात दुसरा, हे होणारच. अधिकाऱ्याने कायद्याप्रमाणे लायसन्स ताब्यात घेतलं तर त्याची पोच मागून घ्या. कलम २०६ नुसार लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पोचेवर गाडी चालवता येते. कॅमेऱ्याने पकडलेलं ई-चलन मात्र आरसीला जोडलेल्या मोबाईलवर येतं, म्हणजे वडिलांच्या. तो नंबर बंद असेल तर चलन साचत जातं आणि गाडी विकताना समोर येतं. परत आल्यावर दोनेक आठवड्यांनी परिवहनच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून तपासा. व्हॉट्सॲपवर 'तुमचं चलन' म्हणून ॲपची फाइल आली तर ती उघडू नका, तो बँक खातं रिकामं करणाऱ्यांचा धंदा आहे.

कोल्हापूरच्या तुमच्या रस्त्याची एक गंमत अशी की आंबोली, आजरा, गडहिंग्लजवरून संकेश्वरला उतरलात तर तुम्ही कर्नाटकात असता. कागलजवळ पुन्हा महाराष्ट्र. नुसत्या जाण्यातच तीनदा हद्द. मधल्या महामार्गावर कोगनोळीचा टोलनाका लागतो. फास्टॅगमध्ये शिल्लक आणि केवायसी दोन्ही आधी बघून ठेवा. फास्टॅग नसेल किंवा चालला नाही, तर राष्ट्रीय महामार्गावर यूपीआयने सव्वापट टोल लागतो. टॅग काचेवर चिकटवलेलाच हवा. हातात धरून दाखवलेला टॅग काळ्या यादीत जाऊ शकतो.

वेगाचं गणित नव्या माणसाला मोहात पाडतं. केंद्राने २०१८ मध्ये मोटारींसाठी कमाल मर्यादा ठरवली: दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर, इतर रस्त्यांवर आणि पालिका हद्दीत ७०. दुचाकीला अनुक्रमे ८० आणि ६०. राज्यांना ही मर्यादा खाली आणता येते, वर नेता येत नाही. म्हणून रस्त्यावरची पाटी काय सांगते तेच खरं, आणि तुमचा पत्रादेवीचा रस्ता १०० ने चालवण्यासारखा आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. झाराप-पत्रादेवी बायपासवर मिडलकट, म्हणजे दुभाजकात ओलांडायला ठेवलेल्या फटी, आहेत. गावातला माणूस दुचाकीवरून थेट मिडलकटमध्ये येतो, दुभाजकावरच्या झुडपांमुळे तो शेवटच्या क्षणी दिसतो. ताशी १०० ने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. तुम्हाला तो दिसेपर्यंत आणि पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेलेला असतो. मिडलकट येताना ६० वर या, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून ब्रेकवर नुसता टेकवा. एरवी डाव्या लेनमध्ये राहा. उजवी लेन ओव्हरटेकसाठी आहे, तिथे ५० ने रमतगमत जाणाऱ्यामुळे मागचा डावीकडून घुसतो, आणि डावीकडेच सायकलवाला असतो.

समोरच्या गाडीशी अंतर मोजायला रस्त्याकडेचा एखादा खांब धरा. पुढची गाडी त्याच्यापाशी गेली की 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणा. तुम्ही त्याआधीच खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात पाचपर्यंत मोजा.

आता घाट, कारण खरा अवघड भाग हाच आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तो कुणी शिकवत नाही. सावंतवाडी जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, आंबोली सुमारे ६९० मीटरवर. ती सगळी चढण तीसेक किलोमीटरमध्ये होते, आणि तिचा बराचसा भाग दाणोलीच्या पुढे.

चढताना नवा माणूस गियर उशिरा बदलतो. तिसऱ्यात गाडी गुरगुरायला लागते, हादरते, तरी तो ॲक्सिलरेटर दाबत राहतो. इंजिनाचा आवाज जड झाला की वळणाआधीच दुसरा टाका, वळणात हात स्टिअरिंगवर मोकळा हवा. चढावर थांबावं लागलं तर हाफ-क्लचवर गाडी तोलून धरू नका, दोन मिनिटांत क्लच-प्लेट जळल्याचा वास येतो. हँडब्रेक पूर्ण ओढा. निघताना पहिला टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिनाचा आवाज खाली बसतो आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटतं, तिथे क्लच स्थिर ठेवून ॲक्सिलरेटर द्या आणि मग हँडब्रेक सोडा. गाडी एक बोटभरही मागे जाऊ नये. हे पेडण्यातल्या एखाद्या मोकळ्या चढावर दहा-बारा वेळा जमलं, तरच आंबोलीला निघा. आणि चढावर पुढच्या गाडीमागे किमान एका गाडीची जागा सोडा, कारण तिचा चालकही नवा असू शकतो.

उतरताना जास्त घात होतो. ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा, म्हणजे बहुतेक वळणांवर दुसरा. इंजिनच गाडी धरून ठेवतं. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकाएकी मऊ होऊन खाली जातं. ब्रेक ठामपणे दाबा, वेग उतरवा आणि सोडा. करपट वास आला किंवा पेडल खोल जायला लागलं तर लगेच खालचा गियर, गरज पडली तर हँडब्रेक थोडा थोडा ओढत डोंगराच्या बाजूला रुंद जागी थांबा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, वाकते. ऑटोमॅटिक गाडीत 'डी' वर उतरू नका, 'एल' किंवा मॅन्युअल मोड वापरा.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर किंवा इंजिन बंद करून उतरणारे अजूनही भेटतात. त्यांचं ऐकू नका. इंजिन बंद झालं की ब्रेक बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरता जोर उरतो, नंतर पेडल दगडासारखं होतं आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. वळणाच्या तोंडाशी हे झालं तर हातात काहीच राहत नाही.

हेअरपिन वळणावर एसटी किंवा लांब ट्रक वळताना सगळा रस्ता घेतो, त्याला दुसरा इलाज नसतो. वळणाच्या १५-२० मीटर अलीकडे डाव्या कडेला थांबा आणि त्याला पूर्ण वळू द्या. नवे चालक नेमके वळणाच्या पोटात जाऊन थांबतात, मग दोघेही अडकतात. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्याचा हक्क पहिला, उतरणाऱ्याने थांबायचं. हा शिष्टाचार आहेच, पण २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांतही तो लिहिलेला आहे. उजवीकडच्या वळणावर आतली बाजू कापू नका. अखंड पिवळी रेघ असेल तिथे ओव्हरटेक नाही, पुढचा टेम्पो कितीही रेंगाळू दे. आंधळ्या वळणाआधी दिवसा एक छोटा हॉर्न, रात्री डिपर.

चवथीनंतरही पाऊस असतोच. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर गाडी नियमात बसत नाही आणि पाण्यावर तरंगते. हवा किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, पूर्ण भरलेल्या गाडीसाठीचा आकडा वेगळा असतो. काचेवर आतून वाफ धरली की एसी लावून झोत काचेवर घ्या. आंबोलीच्या धुक्यात हेडलाईट अप्परवर टाकली तर समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपवर चालवा आणि डाव्या कडेची पांढरी रेघ धरून चला. चारही इंडिकेटर चालत्या गाडीत लावू नका, वळताना तुम्ही कुठे जाणार हे मागच्याला कळत नाही. ते बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी धबधब्यापाशी माणसं रस्त्यावरच असतात, त्या दोन दिवशी हा घाट पहिल्यांदा करू नका.

बेळगावला जायचं तेव्हा अनमोड की चोर्ला हे त्या आठवड्याच्या बातम्या बघून ठरवा. २०२५ च्या पावसाळ्यात अनमोड घाटात रस्त्याची कड खचली आणि अवजड वाहतूक रोखावी लागली होती. कारवारला काळी नदीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ रोजी पडला आणि दोन्ही दिशांची वाहतूक नव्या पुलावर आणावी लागली. असे बदल मोबाईलच्या नकाशात उशिरा येतात. नकाशासाठी फोन वापरायला नियमाची हरकत नाही, पण तो होल्डरमध्ये आणि निघण्यापूर्वी लावलेला. तिलारीचा घाट पहिल्या वर्षी सोडून द्या, चढ तीव्र आणि वळणं फार आवळ आहेत.

दुचाकीवाल्यांसाठी दोनच गोष्टी. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहे आणि ते आयएसआय मार्कचंच हवं. आपल्याकडच्या सवयीने मागचा बोडका बसवून हद्द ओलांडलीत तर १,००० रुपयांचा दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित, असं केंद्रीय कायदा म्हणतो. आणि पणजीच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, खालच्या जुन्या पुलांवरून जा. भाड्याने गाडी घेणार असाल तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना ते बघा, आणि ती गोव्याबाहेर नेण्याची परवानगी लेखी घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेतलीत तर अपघातानंतर विमा मिळण्याची आशा धरू नका.

अपघात झाला तर गाडी तिथेच बंद करा, चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवा, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. जखमीसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३. हे तिन्ही क्रमांक तिन्ही राज्यांत लागतात. जखमीला मदत मिळवून देणं ही कलम १३४ ने चालकावर घातलेली जबाबदारी आहे, आणि पोलिसांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत कळवणं हीसुद्धा. जमाव अंगावर येईल अशी भीती असेल तर थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा, पळून घरी येऊ नका. गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या, त्यात दोन्ही नंबरप्लेट आणि रस्त्यावरची एखादी न हलणारी खूण यायला हवी. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना लागू आहे. रुग्णालयात ती मागून घ्यावी लागते. गुन्हा जिथे अपघात झाला तिथल्या ठाण्यात नोंदला जातो, पण भरपाईचा दावा जखमीला आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही लावता येतो. त्यासाठी दर तारखेला सावंतवाडी किंवा बेळगाव गाठावं लागत नाही.